एक वर्षाची एमएससी आणि ‘स्पेशालिस्ट’चा बोर्ड

एमबीबीएस झालेल्या पोरांच्या आईबापांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो धाकट्या बहिणीच्या नवऱ्याकडून आला. खाली त्याची पुरवणी: “ताई, प्लॉट विकायला काढायचा विचार चाललाय, तुम्ही फक्त हो म्हणा.” भाची इंटर्नशिप संपवून नीट-पीजीच्या अभ्यासाला बसलीय आणि कॉलेजात खो-खो खेळायची. एवढ्यावर तिचं पुढचं आयुष्य ठरवून टाकलं मंडळींनी.

मेसेज थोडक्यात असा: ‘नीट-पीजीच्या चक्रात तारुण्य घालवू नका. ब्रिटनमध्ये 1 वर्षाची स्पोर्ट्स अँड एक्सरसाइज मेडिसिनची एमएससी करा आणि भारतात परत येऊन स्पेशालिस्टचा बोर्ड लावा. आपल्याकडे हा विषय शिकवतच नाहीत. काम हलकं: इंजेक्शन, टेप, बर्फ. आयपीएलचे संघ वाट बघताहेत. फिजिओथेरपिस्टही हा कोर्स करून डॉक्टर होऊ शकतात.’

आधी प्लॉटचं बोलू. बाकीच्या थापांनी वेळ जाईल, इथे जमीन जातेय.

बोर्ड कोणी कसला लावायचा, याला आपल्याकडे नियम आहे. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारासाठी 2002 साली मेडिकल कौन्सिलने केलेली नियमावली आजही लागू आहे. तिच्यातलं कलम 7.20 जेमतेम एका ओळीचं आहे: त्या शाखेची विशेष अर्हता असल्याशिवाय डॉक्टरने स्वतःला स्पेशालिस्ट म्हणवून घ्यायचं नाही. आता मेसेज टाकणारा म्हणेल, एमएससी ही अर्हताच की! तर परदेशी पदव्यांचं असं आहे. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या पाच देशांतल्या पदव्युत्तर वैद्यकीय अर्हतांना भारताने 2008 साली मान्यता दिली, पण अट घालून. ज्या देशाची पदवी, त्या देशात तिच्यावर त्या शाखेचा तज्ज्ञ म्हणून नोंदणी व्हायला हवी.

मग खुद्द ब्रिटनमध्ये या एमएससीवर तज्ज्ञ म्हणून नोंदणी होते का? नाही होत. ही शाखा त्यांनी 2005 साली स्वतंत्र मानली. पण तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलच्या (जीएमसीच्या) स्पेशालिस्ट रजिस्टरवर नाव लागतं ते प्रशिक्षण पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट मिळाल्यावर. आधी काही वर्षं पायाभूत प्रशिक्षण, मग स्पर्धेतून निवड, मग या शाखेचं चार वर्षांचं प्रशिक्षण, असा तो रस्ता आहे. एमएससी हा विद्यापीठाचा अभ्यासक्रम आहे. लेक्चरं, जर्नलं, प्रबंध, सगळं चांगलं असतं. पण जीएमसीची नोंदणी नसेल तर त्या वर्षभरात भाचीला तिथे डॉक्टर म्हणून एकही पेशंट तपासता येणार नाही. नोंदणीसाठी प्लॅबसारखी परीक्षा वेगळी द्यावी लागते, आणि मेसेजात तिचं नावही नाही. म्हणजे प्लॉट विकून मुलगी परत आली, तरी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या दारात ती एमबीबीएसच. नीट-पीजी आ वासून तिथेच उभी.

आता ‘हलकं काम’. हे वाचून माझी तळपायाची आग मस्तकात गेली. खेळाडूला स्टेरॉइडचं इंजेक्शन टोचायचं आणि मैदानात सोडायचं, एवढीच याच्या डोक्यातली स्पोर्ट्स मेडिसिन! 1 जानेवारी 2022 पासून वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, नियमांनुसार ग्लुकोकॉर्टिकॉइडचं (म्हणजे याच स्टेरॉइडचं) इंजेक्शन स्पर्धेच्या काळात निषिद्ध आहे. सांध्यात द्या नाहीतर स्नायूत, रीतसर सवलत घेतलेली नसेल तर खेळाडू गोत्यात. इंजेक्शनचं सोडा, साधं कफ सिरप घ्या. आपल्या मुंबईच्या पृथ्वी शॉवर 2019 साली आठ महिन्यांची बंदी आली ती टर्ब्युटालिन या निषिद्ध द्रव्यामुळे. खोकल्याच्या औषधातून ते अजाणता पोटात गेलं, असं खुद्द बीसीसीआयनेच म्हटलं होतं. ज्याच्या एका चिठ्ठीवर पोराचं वर्ष वाया जाऊ शकतं, त्याचं काम हलकं?

आणि बर्फ. जत्रेतल्या कबड्डीत चढाई करणाऱ्याचं डोकं बचाव करणाऱ्याच्या गुडघ्यावर आपटतं. पोरगा क्षणभर ब्लँक होतो. कोणीतरी तोंडावर पाणी मारतं, “जमतंय ना रे?” विचारतं, तो मान हलवतो की परत आत. इथे डॉक्टरचं खरं काम सुरू होतं. स्कोअर किती, मघाशी पॉइंट कोणी घेतला, असलं विचारायचं, तोल बघायचा, मान तपासायची, आणि कन्कशनचा, म्हणजे डोक्याच्या माराने मेंदूला धक्का बसल्याचा, नुसता संशय असला तरी त्या दिवसापुरतं त्याला बाहेर बसवायचं. कन्कशनवरच्या 2022 च्या ॲमस्टरडॅम परिषदेच्या सहमतीपत्रातही हेच आहे: संशय असेल तर त्याच दिवशी परत खेळवायचं नाही. समोर सरपंच, प्रशिक्षक आणि अख्खं गाव ओरडत असताना ‘नाही’ म्हणायचं असतं, टेप लावायचा नसतो.

शिवाय नावातलं ‘एक्सरसाइज’ मेसेजवाल्याने गिळूनच टाकलंय. अँजिओप्लास्टी झालेल्या पन्नाशीच्या गृहस्थाने किती चालायचं, इन्सुलिनवरच्या बाईने व्यायामाआधी काय खायचं, गुडघे झिजलेल्या आजींना कोणता व्यायाम द्यायचा, हेही याच शाखेत येतं. आयपीएलच्या मानाने हे पेशंट हजारोंनी आहेत.

‘भारतात शिकवतच नाहीत’ ही तर धडधडीत थाप. एमडी स्पोर्ट्स मेडिसिन ही मान्यताप्राप्त पदवी आहे, तीन वर्षांची, प्रवेश नीट-पीजीतूनच. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतला डिप्लोमाही जुना आहे. मात्र जागा देशभरात फारच थोड्या, हे मान्य करावं लागेल. म्हणून बरेचजण आधी ऑर्थोपेडिक्स किंवा पीएमआर (पुनर्वसनाची वैद्यकीय शाखा) करतात आणि मग फेलोशिप घेऊन इकडे वळतात. आणि हो, असा हातात एमडी-एमएस असलेला माणूस ती ब्रिटनची एमएससी करून आला, तर तिचं चीज होतं. पण हा मेसेज त्यांच्यासाठी नाही.

आयपीएलचे संघ दहा. प्रत्येकाने पाच-पाच डॉक्टर ठेवले तरी पन्नास झाले. पुढे बोलायलाच नको.

फिजिओथेरपिस्ट ही एमएससी करू शकतात, अनेक ठिकाणी त्यांना प्रवेश मिळतो, हेही खरं. पण त्याने ते वैद्यकीय डॉक्टर होत नाहीत, आणि त्यांना व्हायचंही नसतं. बीपीटी या फिजिओथेरपीच्या पदवीनंतर दोन वर्षांचं स्पोर्ट्समधलं एमपीटी, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण, आपल्याकडेच आहे. दुखापतीनंतर खेळाडूला महिनोन्‌महिने उभं करणारे तेच असतात. त्यांना ‘अर्धवट डॉक्टर’ ठरवून कोर्स विकणं हा त्यांचाही अपमान आहे.

मेहुण्यांना मी एवढंच कळवलंय: एजंटला एक प्रश्न लेखी विचारा. या एमएससीवर जीएमसीच्या स्पेशालिस्ट रजिस्टरमध्ये नाव लागतं का, हो की नाही? ‘मॅडम, फोनवर बोलू’ असं उत्तर आलं तर प्लॉटचे कागद परत कपाटात ठेवा.