आजी गेटपाशीच अडून बसल्या होत्या

नाइट करून आले, झोपायचं होतं, तर शाळेच्या ग्रुपवर पुन्हा तेच. "सरकारने फुकट वाटलं की माणसं आळशी होतात." खाली अंगठ्यांची रांग. डोकंच फिरलं, म्हणून हे लिहितेय.

मी इंग्लंडमध्ये केअरर म्हणून नवीन लागले होते. नव्वदीच्या एक आजी, पडून मांडीचं हाड मोडलेलं, हॉस्पिटलला न्यायचं होतं. गाडी गेटपाशी थांबली आणि त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. "तिथे नको. ते वर्कहाऊस आहे." अहो, आत लिफ्ट, कॅन्टीन, सगळं नवंकोरं! पण इमारत तीच जुनी, पूर्वी निराधार गरिबांना मदतीच्या बदल्यात ठेवून कामाला जुंपायचे ती. त्यांचे पणजोबा तिथेच वारले, आणि पणजी भिंतीपलीकडे बायकांच्या बाजूला.

कारण गरिबांना मदत द्यायचा तिथला १८३४ चा कायदाच तसा होता. मदत हवी तर वर्कहाऊसमध्ये या, नवरा-बायको-पोरं वेगळी, अंगावरचे कपडे काढून युनिफॉर्म घाला. आतलं जगणं बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुरापेक्षाही वाईट ठेवायचं, हे ठरवून, कारण गरिबी म्हणजे ज्याची त्याची चूक. आपल्या ग्रुपवर आज हेच तर लिहिलंय!

मग राउंट्री नावाच्या समाजसंशोधकाने इंग्लंडच्या यॉर्क शहरात घरोघरी माणसं पाठवून विचारलं. १९०१ मध्ये छापून आलं की शंभरातले जवळपास २८ गरीब, आणि ज्यांना पोटालाच पुरत नव्हतं त्यांच्यात सगळ्यात मोठं कारण दारू नव्हतं, आळस नव्हता, कमी पगार होता. कामाला जाऊनही उपाशी! आता यांना आळशी म्हणायचं?

सरकारला एकदम पाझर फुटला असं नाही, हे मान्य. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाला भरती व्हायला आलेली पोरं इतकी खंगलेली की लष्कर घेईना, त्याची धास्ती होती. पण १९०६ मध्ये शाळेत जेवण द्यायचा कायदा आला, १९०८ मध्ये म्हाताऱ्यांची पेन्शन. सत्तरीपुढे, आठवड्याला ५ शिलिंग. थोडेच होते, आणि दारुडे, तुरुंगात जाऊन आलेले यांना नाहीच, तेही मला पटत नाही. पैसा कुठून आणायचा हा प्रश्नही खोटा नव्हता, अर्थमंत्री लॉइड जॉर्जने १९०९ च्या बजेटमध्ये श्रीमंतांवर कर लावला तर संसदेच्या वरच्या सभागृहातल्या लॉर्ड्सनी बजेटच फेटाळलं.

पण १ जानेवारी १९०९ पासून ते पैसे पोस्टात मिळायला लागले. पोस्टात! जिथे सगळं गाव तिकिटं घ्यायला जातं त्याच खिडकीवर. कुणापुढे हात पसरायचा नाही, घर सोडायचं नाही. माझ्या आजींच्या पणजोबांना तेवढे चार-पाच वर्षं आधी मिळाले असते तर?

राग उतरला थोडा, आता त्या आजीच डोळ्यांसमोर येतायत. वॉर्डात नेल्यावर त्यांनी एकच विचारलं, "माझे कपडे नाही ना काढून घेणार?" एक्स-रेसाठी गाऊन घालावाच लागला. मी त्यांचा निळा कार्डिगन गाऊनवरून चढवला, वरचं बटण लावलं, तेव्हा कुठे त्यांनी माझा हात सोडला.