बाल्कनीच्या कुलपाबद्दल मालकांकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू मुलाने मोबाइलवर दाखवला. मग चष्मा लावून मी तो तीनदा वाचला. आमच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहताना तुम्हाला आणि तुमच्या मिस्टरांना जो त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागते. बाल्कनीत पाणी मुरतंय हे तुम्ही जुलैतच सांगितलं होतं आणि आम्ही "पाऊस उघडला की बघू" म्हणालो. पावसात वॉटरप्रूफिंग होत नाही हे खरं, पण येऊन बघून जायला काय हरकत होती? ती चूक आमची.

पण एका वाक्याबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. तुम्ही लिहिलंय, "मालकिणीने ऐन दिवाळीत महिनाभर बाल्कनीला कुलूप ठोकलं, आकाशकंदीलसुद्धा लावू दिला नाही." महिनाभर कुठून आलं? ८ ऑक्टोबरला संध्याकाळी कुलूप लावलं आणि २४ ला सकाळी मी स्वतः येऊन काढलं. सोळा दिवस. त्यात दिवाळी सापडली हे मान्य, पण दिवाळी काही मी आणली नाही. (इथे राहत होतात तेव्हा मी काकू होते, रिव्ह्यूत एकदम मालकीण झाले, तेही असो.)

कुलूप का लावलं ते तुमच्या लिहिण्यात कुठेच आलं नाही, म्हणून मला सांगावं लागतंय. ६ तारखेला, सोमवारी, कोजागिरी होती. तुमच्याकडे पाहुणे आले, दूध आटवलं, मलाही ग्लास आणून दिलात. जायफळ अगदी बेताचं पडलं होतं. ग्लास परत द्यायला वर आले तर दाराबाहेर चपलांचे एकोणीस जोड. हो, मोजले. अठ्ठावीस वर्षं भाड्याने घरं देतेय, सवय लागलीय. बाल्कनी आहे नऊ फूट बाय चार फूट. तिच्यात त्या वेळी चौदा माणसं, तुमच्या बावीस कुंड्या आणि कोपऱ्यात पाच किलोच्या सिलिंडरवर पेटलेली शेगडी. मी "आत या, आत या" म्हणाले, तो तुम्हाला पाहुण्यांसमोर अपमान वाटला. माझा आवाज चढला असेल. चढतो.

७ ला सकाळी सव्वासातला तुमच्या बाल्कनीच्या खालच्या अंगाचा ताटाएवढा पापुद्रा सुटून पार्किंगमध्ये पडला. तळमजल्यावरच्या मुलाच्या स्कूटरचा आरसा गेला, तेवढ्यावर निभावलं. साडेसातला त्याच जागी शाळेची व्हॅन उभी राहते आणि चार मुलं दप्तरं घेऊन तिथेच वाट बघत असतात. त्या पंधरा मिनिटांचं मला अजून रात्री आठवतं.

तेव्हाही मी कुलूप लावलं नाही. तोंडी सांगितलं, इंजिनिअर येऊन बघेपर्यंत बाल्कनीत पाय ठेवू नका. ८ ला दुपारी इंजिनिअरना घेऊन आले तर तुमच्या सासूबाई तिथेच कपडे वाळत घालत होत्या. "पाच मिनिटांचं तर काम आहे" म्हणाल्या. माझ्या आईच्या वयाच्या, त्यांना मी काय बोलणार? म्हणून कुलूप.

इंजिनिअरनी जे दाखवलं ते लिहिते, म्हणजे हे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. बाल्कनीचा स्लॅब भिंतीतून नुसता बाहेर आलेला असतो, त्याला पुढे खांब नसतो. खोलीच्या स्लॅबमध्ये मधोमध मुख्य सळई खालच्या अंगाला असते. बाल्कनीत ती वरच्या अंगाला, फरशीच्या खाली. म्हणजे वरून मुरलेलं पाणी आधी नेमकं तिलाच गाठतं. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडते. खालून पापुद्रा पडला की आपण दचकतो. त्यांनी मात्र मला उंबऱ्याजवळ खाली बसवलं आणि फरशीच्या सांध्यातली केसाएवढी भेग दाखवली. म्हणाले, "काकू, भ्यायचं तर हिला भ्या."

मग वजनाचा हिशोब. घरगुती बाल्कनीसाठी भारतीय मानक ८७५ च्या (इमारतीवर किती भार धरायचा त्याचे नियम) दुसऱ्या भागात चौरस मीटरला ३ किलोन्यूटन भार धरायला सांगितलाय, म्हणजे साधारण ३०० किलो. आपली बाल्कनी साडेतीन चौरस मीटरसुद्धा नाही, म्हणजे फार तर हजार किलो. चौदा माणसं साठ किलोंनी धरली तरी ८४०. तुमच्या कुंड्यांपैकी आठ चौदा इंची, ओल्या मातीसकट एकेक तीस-पस्तीस किलोची. बाकीच्या लहान, पण त्याही चौदा. बेरीज बाराशेवर जाते. स्लॅब बांधताना थोडी जास्तीची ताकद ठेवलेली असते, म्हणून हजाराचे हजार एक झाले की लगेच कोसळत नाही, हे त्यांनीच सांगितलं. आणि हजाराचा हिशोब धडधाकट सळईचा, माझ्या एकोणतीस वर्षांच्या गळक्या स्लॅबचा नव्हे, हेही मीच लिहून टाकते, नाहीतर म्हणाल काकूंनी लपवलं. दोष गळतीचा किती आणि गर्दीचा किती, असं मी त्यांना विचारलं होतं. ते "दोन्ही" एवढंच म्हणाले.

आता सोळा दिवस का लागले ते. ९ ला बाल्कनीला खालून टेकू लावले. १० ते १३ सैल काँक्रीट फोडणं, सळया घासणं, दोन नव्या टाकणं आणि भरणी. त्यावर पाणी मारून ती घट्ट होऊ द्यायला लागते, घाई करून चालत नाही. १६ ला वरचं वॉटरप्रूफिंग झालं आणि १७ ला वसुबारस. मिस्त्री आणि त्याचे दोन्ही बिगारी गावी गेले. टेकू काढायला दुसरं कुणी बोलवा म्हणालात, पण ज्याने लावले त्यानेच ते काढावेत. २३ ची भाऊबीज करून तो रात्रीच्या एसटीने निघाला आणि २४ ला सकाळी हजर. यात माझा आळस कुठे दिसतो ते मला सांगा.

आकाशकंदील मी लावू दिला नाही हेही बरोबर नाही. हॉलच्या खिडकीच्या गजाला लावा म्हटलं होतं आणि वायर मी दिली होती. खिडकीतून रस्त्यावरून दिसत नाही म्हणून तुम्ही लावला नाहीत.

"सतत खालून डोकावतात" असंही लिहिलंय. डोकावते. तुमची छोटी पालथ्या बादलीवर उभी राहून कबुतरं बघते हे मी फाटकातून दोनदा पाहिलं. कठडा साडेतीन फुटांचा, पण बादली एक फुटाची असली की उरतो अडीच. त्यातून आमचे गज आडवे, शिडीच जणू. सासऱ्यांनी १९९६ साली हौसेने बसवलेत. तुम्ही म्हणालात, "जाळी आहे ना काकू." ती नायलॉनची जाळी कबुतरांसाठी आहे, ती माणसाचं वजन पेलत नाही, मुलाचंही नाही. २०२५ च्या त्याच जुलैत पुण्यात कात्रजला चार वर्षांची मुलगी तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीच्या गजांतून बाहेर येऊन लटकली होती. तिथे राहणारा अग्निशमन दलाचा जवान सुट्टीवर घरी होता म्हणून वाचली. आपल्याकडे असा कोणी राहत नाही. मी आहे, आणि मला तेवढं डोकावता येतं. उभे गज बसवायचं आमच्या डोक्यात आहेच, एक कोटेशन आलंय, दुसरं यायचंय.

डिपॉझिटमधून कापलेले १,८०० रुपये बाल्कनीच्या पाणी जायच्या नळीचे. तिच्यात तुमच्या कुंड्यांची माती आणि नारळाच्या शेंड्या गच्च बसल्या होत्या, म्हणूनच पाणी साचत होतं. प्लंबरची पावती आहे. तरी तुम्हाला अन्याय वाटत असेल तर ऑफिसात या, काहीतरी मार्ग काढू.

पुढे असं काही काम निघालं तर सगळ्यांना आधी लेखी कळवायचं ठरवलंय. २०२६ मध्ये इमारतीला तीस वर्षं होतात, तेव्हा कायद्याने स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करावंच लागतं. जमलं तर आधीच करून घेऊ. करारात बाल्कनीतल्या कुंड्यांचं कलम आहे, ते मुलगा जरा मोठ्या अक्षरात टाकणार आहे.

एवढं सगळं लिहायचं कारण, तुमचा रिव्ह्यू आल्यापासून दोन कुटुंबांनी फ्लॅट बघायला येतो म्हणून सांगितलं आणि आली नाहीत. एका मुलीच्या आईने फोनवर सरळ विचारलं, "बाल्कनी पडली ती हीच ना इमारत?" बाल्कनी पडलेली नाही. आमचे बाराच फ्लॅट आहेत, त्यांच्यावरच घर चालतं, आणि दुरुस्तीचे ८६,००० मी सोसायटीकडे मागू शकत नाही, कारण सोसायटी म्हणजे मीच. स्टार किती द्यायचे तो तुमचा हक्क. "महिनाभर" तेवढं बदललंत तर बरं होईल.

तुमचा आकाशकंदील हॉलच्या माळ्यावर राहिलाय, झिरमिळ्यांसकट. मी तो जुन्या चादरीत गुंडाळून माझ्याकडे ठेवलाय. सकाळी दहा ते एक मी ऑफिसात असते, कधीही येऊन घेऊन जा. छोटीला बरोबर आणा.