‘सेट’चे ४३० अर्थ आणि इंग्रजीचे तथाकथित दारिद्र्य

इंग्रजीतील ‘सेट’ या एका शब्दाला ४३० अर्थ असून तो जागतिक विक्रम आहे, इतक्या गोष्टींसाठी एकच शब्द वापरणारी भाषा दरिद्री होय, आणि मराठीत मात्र प्रत्येक अर्थाला स्वतंत्र शब्द आहे, असा मजकूर वर्षानुवर्षे पुढे पाठवला जातो. तो मराठीच्या प्रेमापोटी पाठवला जातो हे मला समजते. पण त्यातले मराठीविषयीचे विधानच सर्वांत चुकीचे आहे.

आधी आकड्याविषयी. ४३० हा आकडा ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीतला, आणि तोही ‘सेट’ या क्रियापदाच्या नोंदीचा. सुमारे ६०,००० शब्दांच्या त्या नोंदीत शतकांपूर्वी वापरातून गेलेले अर्थ आहेत, तसेच ‘सेट अप’, ‘सेट आउट’ यांसारखे जोडप्रयोगही आहेत. विक्रमही आता उरलेला नाही, कारण कोशाच्या चालू पुनर्संपादनात ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवले गेले, आणि त्या एका नोंदीसाठी संपादक पीटर गिलिव्हर यांना नऊ महिने लागले.

शिवाय ‘अर्थ’ म्हणजे येथे कोशकाराने पाडलेले विभाग. सापळा लावणे, घड्याळ लावणे, हाड बसवणे आणि जेली घट्ट होणे हे चार वेगळे अर्थ मानायचे, की ‘जागी ठेवणे, स्थिर होणे’ या एकाच मूळ अर्थाच्या चार छटा मानायच्या, हा संपादकीय निर्णय असतो. छोटा कोश तेच काम थोड्या विभागांत करतो. ‘संच’ या अर्थाचे ‘सेट’ हे नाम तर मुळात जुन्या फ्रेंचमधून आलेले असून त्याचे मूळ लॅटिन ‘सेक्टा’ मानले जाते. म्हणजे ‘सेट’ असे लिहिले जाणारे सारे एकाच शब्दाचे अर्थ आहेत हेही पूर्ण खरे नाही.

दारिद्र्याचा निष्कर्ष त्याहून कच्चा आहे. जो शब्द जास्त वापरला जातो त्याचे अर्थ वाढत जातात, हा संबंध अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज झिफ यांनी १९४५ मध्ये मांडला. ‘सेट’ला पर्याय नाहीत असेही नाही: प्लेस, फिक्स, अरेंज, अ‍ॅडजस्ट हे शब्द इंग्रजीत रोजच्या वापरात आहेत.

आता मराठी. ‘लागणे’ हे एकच क्रियापद पाहावे. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, दिवा लागतो, निकाल लागतो, लग्न लागते, झाडाला आंबे लागतात, भाजी तळाला लागते, घाटात गाडी लागते, बोललेले मनाला लागते, चोराचा पत्ता लागतो, गवयाचा सूर लागतो आणि कुणी आपला मावसभाऊ लागतो. यांतल्या प्रत्येकासाठी वेगळा शब्द मराठीने घडवला नाही, आणि त्यामुळे कधी घोटाळाही होत नाही, कारण अर्थ सोबतच्या नामाने ठरतो. ‘सूर लागणे’ यात स्वराचे नेमके जागी बसणे जसे व्यक्त होते, तसे कोणत्याही खास घडवलेल्या शब्दाने होणार नाही, असे मला वाटते. याच क्रियापदाने मराठी व्याकरणातही काम पत्करले आहे: ‘तो बोलू लागला’ यात ते आरंभ दाखवते, ‘मला जावे लागले’ यात सक्ती, आणि दोन्ही ठिकाणी ते सहायक क्रियापद झालेले आहे. एवढा पल्ला इंग्रजीतल्या ‘सेट’ने गाठलेला नाही.