हॉल ऑफ मॉसेस उरकू नका

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं ऑलिम्पिक नॅशनल पार्क बघून आलेल्यांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं. "होह रेनफॉरेस्ट ना? झालं की अर्ध्या तासात. झाडं आणि शेवाळ, बाकी काही नाही." दरवेळी मनापासून वाईट वाटतं. सिएटलहून चार तास गाडी हाकायची, उन्हाळ्यात प्रवेशद्वाराशी तास-दोन तास ताटकळायचं, आणि ज्याच्यासाठी एवढं केलं ते जंगल अर्ध्या तासात उरकून सूर्यास्ताला बीच गाठायचा! ट्रेल छोटी आहे म्हणून तिला वेळही थोडाच द्यायचा, हा हिशेबच मला पटत नाही.

हॉल ऑफ मॉसेस ही या होहच्या जंगलातलीच पायवाट, फेरी जेमतेम 1.3 किलोमीटरची. सुरुवातीला छोटासा चढ, मग जवळपास सपाट. काठ्या नकोत, दम टिकवायची चिंता नको. गुडघे कुरकुरणारे आईबाबा आणि पाच वर्षांचं पोर एकाच चालीने जाऊ शकतात. अवघड ट्रेकवर आपण निम्मा वेळ स्वतःच्या बुटांकडे बघत असतो, पुढचं पाऊल कुठे टाकायचं या विचारात. इथे नजर मोकळी असते. सोप्या वाटेची खरी कमाई हीच, आणि नेमकी तीच आपण घाईत घालवतो.

या खोऱ्यात वर्षाला साधारण साडेतीन मीटर पाऊस पडतो. पॅसिफिकवरून येणारे ओले वारे ऑलिम्पिक डोंगरांना अडतात आणि पश्चिमेकडे तोंड करून असलेल्या होहच्या खोऱ्यात रिकामे होतात. समुद्र जवळ असल्यामुळे फार कडाक्याची थंडी नाही, फार उकाडाही नाही. सिट्का स्प्रूस आणि वेस्टर्न हेमलॉक ही सूचिपर्णी झाडं इथे 60-70 मीटर उंच जातात. शेंडा बघायला मान मागे टाकावी लागते, तरी दिसतोच असं नाही.

पण मी म्हणेन, वर बघायच्या आधी खाली बघा. वाटेच्या कडेला एखादं आडवं पडलेलं खोड दिसेल. त्याच्याजवळ पाच मिनिटं नुसते उभे राहा. गेल्या वेळी आई अशाच एका खोडापाशी थांबली आणि हलेचना. खोडावर शेवाळाची गादी, आणि तिच्यात करंगळीएवढी हेमलॉकची रोपं, एका ओळीत, मुद्दाम कुणी लावल्यासारखी. "ही इथे कुणी लावली गं?" तिने विचारलं. कुणीच नाही. खाली जमिनीवर नेचे आणि शेवाळ इतकं दाट की पडलेल्या बीला जागाही मिळत नाही आणि उजेडही. पडलेलं झाड मात्र उंचवटा देतं, ओल धरून ठेवतं, कुजता कुजता पोसतं. याला तिथे 'नर्स लॉग' म्हणतात. रोपं मोठी होतात, त्यांची मुळं खोडाच्या दोन्ही अंगांनी उतरून जमीन गाठतात. काही शतकांनी मूळचं खोड पार कुजून जातं, पण त्याचा आकार उरतो. एका सरळ रेषेत उभी प्रचंड झाडं, आणि त्यांच्या मुळांखाली वाकून पलीकडचं दिसेल अशी पोकळी. ही पोकळी बघितलीत तर शेकडो वर्षांपूर्वी पडलेलं झाड कुठे आडवं होतं ते तुम्ही बोटाने दाखवू शकता. आई त्यानंतर प्रत्येक ओळीपाशी थांबत गेली. फेरीला दोन तास लागले आणि मला ते फार आवडलं.

मग येतं मेपल ग्रोव्ह. मुख्य वाटेपासून चार पावलं आत आहे, आणि बरेच लोक घाईत तिकडे वळतही नाहीत. बिगलीफ मेपलच्या फांद्यांवरून शेवाळाचे पडदे लोंबतात. ते बघून "शेवाळाने झाडाला खाल्लंय" असं म्हणणारे मी स्वतः ऐकलेत. अजिबात नाही. शेवाळ झाडाच्या आतलं काही शोषत नाही. पाऊस, धुकं आणि हवेतली धूळ यांवर ते जगतं. वर्षानुवर्षं साचत फांदीवरच त्याची माती तयार होते. नलिनी नाडकर्णी नावाच्या शास्त्रज्ञ दोर लावून या ऑलिम्पिकच्या मेपलवर चढल्या, शेवाळाची गादी बाजूला केली आणि त्यांना आत मुळं सापडली. मेपलचीच मुळं, स्वतःच्या फांदीतून फुटलेली, त्या उंचावरच्या मातीतून अन्न घेणारी! 1981 साली हे 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात छापून आलं. फांद्यांवरच्या या पसाऱ्याचं वजन झाडाच्या स्वतःच्या पानांच्या जवळपास चौपट भरतं, हेही त्यांचंच काम. आडनाव वाचून अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

म्हणून कुणी आठवण म्हणून शेवाळाचा पुंजका ओरबाडताना दिसलं की मी टोकते, अनोळखी माणूस असला तरी. फांदीवरून उपटलेलं शेवाळ पुन्हा भरायला काही दशकं लागतात. त्या भागातल्या जुन्या जंगलांतून फुलवाल्यांच्या धंद्यासाठी शेवाळ ओरबाडलं जातं. त्यावर उपाय शोधायला नाडकर्णींनी 2004 च्या सुमारास वॉशिंग्टनमधल्या सीडर क्रीक तुरुंगातल्या कैद्यांना सोबत घेऊन शेवाळ वाढवण्याचे प्रयोग केले. माझ्या मते ही गोष्ट तिथे जाणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगावी.

जायचं कधी? सगळे जुलै-ऑगस्टमध्ये जातात, कारण तेव्हा फारसा पाऊस नसतो. पण रेनफॉरेस्टला पाऊस टाळून जाणं मला कळत नाही. कोरड्या दिवसांत शेवाळ सुकतं, हिरवा रंग उतरतो, आणि गर्दी इतकी की फोटोसाठीही रांग. ऑक्टोबरमध्ये जा. मेपल पिवळे झालेले असतात, शेवाळ ओलं होऊन तरारलेलं असतं. चांगलं रेनजॅकेट आणि पकड असलेले बूट, बस. निघण्याआधी पार्कच्या वेबसाइटवर रस्ता चालू आहे ना ते बघा, कारण डिसेंबर 2024 मध्ये पुराने रस्ता खचला आणि मे 2025 पर्यंत बंद होता.

शरद ऋतूत एल्क, म्हणजे इथली मोठाली हरणं, माजावर असतात, तेव्हा किमान 45 मीटर लांब राहा, पोरांना हाताशी धरा. याच एल्कना वाचवायला 1909 मध्ये इथे आधी नॅशनल मॉन्युमेंट, म्हणजे संरक्षित क्षेत्र, झालं, पार्क त्यानंतर 1938 मध्ये. आणि कृपा करून स्पीकर गाडीतच ठेवा. गाणी मोठ्याने लावून चालणारा एक घोळका अख्ख्या वाटेचा विचका करतो.

फेरी संपवूनही वेळ उरला तर तिथूनच स्प्रूस नेचर ट्रेल निघते, जेमतेम 2 किलोमीटरची, नदीपर्यंत जाणारी. होहचं पाणी दुधी दिसतं, कारण वरच्या हिमनद्यांनी दगड घासून केलेलं पीठ त्यात मिसळलेलं असतं. तीही तितकीच सोपी आहे. आईबाबांना जरूर न्या.