राष्ट्रीय उपवास जाहीर करू इच्छिणाऱ्या महाराजांस

समजा, उद्या नागपूरचे राज्य तुमच्या हाती आले आणि परवा त्या राज्यावर संकट आले. घाबरू नका. खजिन्याला हात न लावता करण्यासारखा एक जुना, राजमान्य उपाय आहे: अख्ख्या मुलखाने एक दिवस उपाशी राहून देवाची करुणा भाकायची. खर्च फक्त जाहीरनामा छापण्याचा. पोट प्रजेचे.

आधी वार ठरवा, नवखे राजे इथेच फसतात. सोमवार महादेवाचा, मंगळवार टेकडीच्या गणपतीचा, गुरुवार गजानन महाराजांचा, शनिवार मारुतीचा. त्या दिवशी निम्मे शहर तसेही उपाशी असते, तुमच्या हुकमाचे श्रेय देव घेऊन जाईल. इंग्रजांनी बुधवार धरला होता. 1832 चा कॉलरा, 1847 चा आयर्लंडचा दुष्काळ, 1854 चे रशियाशी युद्ध, 1857 चे आपल्याकडचे बंड, सगळे उपवास बुधवारीच. आपल्याकडे बुधवार म्हणजे सावजीच्या झणझणीत मटणाचा वार. रस्सा बंद केलात तर दुसरे संकट पहिल्याच्या आधी दारात उभे राहील. तरीही बुधवारच घ्या. त्याग दिसला पाहिजे, आणि तो तुम्हाला थोडाच करायचा आहे?

मग मजकूर. पाप नेहमी अनेकवचनी लिहावे आणि तपशील देऊ नये. नमुना घरचाच आहे. 11 डिसेंबर 1853 रोजी तिसरे रघूजी भोसले वारले. वारस नाही म्हणून 1854 मध्ये राज्य खालसा झाले, वाड्यातले हत्ती-घोडे लिलावात गेले, दागिने विकायला कलकत्त्याला रवाना झाले. पुढे बंड पेटल्यावर व्हिक्टोरिया राणीने 7 ऑक्टोबर 1857 ला राष्ट्रीय उपवास सांगितला, पण जाहीरनाम्यात नागपूरच्या हत्तींचा उल्लेख नाही. हे कसब शिकून घ्या. त्याच दिवशी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये धर्मोपदेशक स्पर्जन यांच्या प्रवचनाला 23,654 माणसे जमली आणि हिंदुस्थानातल्या पीडित इंग्रजांसाठी वर्गणीही झाली. तेव्हा पेटी विसरू नका.

उपवास निरंकार की फराळाचा, हे जाहीरनाम्यात स्पष्ट लिहा. नुसते 'उपवास' लिहिलेत तर आदल्या रात्रीच घरोघरी साबुदाणा भिजेल. तो थांबवणे कोणत्याही राजाला जमलेले नाही, म्हणून सरकारी भट्टीच लावा. शंभर माणसांच्या उसळीला 6 किलो साबुदाणा, 3 किलो दाण्याचा कूट, 4 किलो बटाटे. धुतल्यावर पाणी साबुदाण्याच्या बरोबरीनेच ठेवा. वर चढले की सकाळी गोळा. फोडणीत जिरे आणि हिरवी मिरची, बस. हळद पडली की राष्ट्राचा उपवास मोडला. कोथिंबीर चालते की नाही यावर मात्र हुकूम काढू नका, आपल्या महाल भागात दंगल होईल. आणि बटाट्याचा साठा आधी तपासा. आयर्लंडात बटाटा कुजला म्हणून इंग्रजांनी उपवास केला. आपल्याकडे बटाटा कुजला तर उपवासच करता येणार नाही.

आता विघ्ने. 1832 मध्ये लंडनच्या कामगारांनी 'फास्ट डे'चा 'फार्स डे' केला आणि मिरवणूक काढली. नागपूरकराला मोर्चा शिकवावा लागत नाही; हिवाळी अधिवेशनाच्या सवयीने तो आपणहून मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला जाऊन बसतो. बसू द्या. खरा धोका गृहमंत्र्याचा. 1853 मध्ये कॉलऱ्यासाठी उपवास ठेवावा का, असे एडिनबरोच्या धर्ममंडळींनी विचारले, तर तेव्हाचे इंग्रज गृहमंत्री पामर्स्टन यांनी आधी गरिबांच्या वस्त्या साफ करा असे कळवले. असा माणूस तुमच्या मंत्रिमंडळात असेल तर तो उद्या नाग नदीही साफ करायला सांगेल. त्याला वेळीच दुसरे खाते द्या.

शेवटी मुहूर्त. इंग्लंडच्या सहाव्या जॉर्ज राजाने 26 मे 1940 ला राष्ट्रीय प्रार्थना ठेवली आणि त्याच संध्याकाळी फ्रान्समधल्या डंकर्कहून अडकलेले सैनिक जहाजांनी काढण्याची मोहीम सुरू झाली. 4 जूनपर्यंत सुमारे 3,38,000 सैनिक सुटले, श्रेय प्रार्थनेलाही मिळाले. तुमच्याकडे जहाजे नाहीत, तेव्हा पावसावर भिस्त ठेवा. हवामान खाते मान्सून विदर्भात येण्याची तारीख सांगते. तिच्या अलीकडचा बुधवार पकडा. पाऊस आला तर प्रार्थना फळली. नाही आला तर कुणाच्या तरी फोडणीत हळद होती.