‘डीसीला काय, एसीचंच टर्मिनेशन बसवा!’

मुंबईला वीज आणणाऱ्या कुडूस ते आरे या ३२० केव्हीच्या (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) डीसी जोडणीवरून मुंबईतल्या इलेक्ट्रिकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय: डीसी स्थिर, एसीसारखी दिशा बदलत नाही, म्हणून इन्सुलेशनला त्रास कमी. ४०० केव्ही एसीचं टर्मिनेशन, म्हणजे केबलच्या टोकाला बसवायची जोडणी, चालून जातं. जपायचं ते फक्त पावसात.

टर्मिनेशनचं आधी घेऊ. ४०० केव्ही एसीत फेज ते अर्थ (एका तारेपासून जमिनीपर्यंत) २३१ केव्ही, म्हणजे शिखराला ३२७. त्यात ३२० बसतात, हिशोब चोख आहे. पण हा विजेचा ताण इन्सुलेशनमध्ये नेमका कुठे जाऊन बसतो, ते त्यातून कळत नाही. एसीत त्याची वाटणी कपॅसिटन्सप्रमाणे (चार्ज धरण्याच्या क्षमतेप्रमाणे) होते, लोडने फारशी हलत नाही. डीसीत ती रोधाप्रमाणे होते, आणि एक्सएलपीईचा, म्हणजे केबलच्या प्लास्टिक इन्सुलेशनचा, रोध तापलं की झपाट्याने घसरतो. केबल गार असताना ताण कंडक्टरलगत, म्हणजे आतल्या धातूच्या तारेलगत, जास्त. मे महिन्यात दुपारी घरोघरचे एसी (हे एसी वेगळे!) भरात आले, कंडक्टर तापला, की आतला थर अंग काढून घेतो आणि ताण बाहेरच्या थराकडे सरकतो. टर्मिनेशनमध्ये तिथेच तर सेमिकॉन (इन्सुलेशनवरचा अर्धवाहक थर) कापून, ताण पसरवणारा रबरी स्ट्रेस कोन चढवलेला असतो! रबर आणि एक्सएलपीई, दोघांचा रोध वेगळा, म्हणून त्यांच्या सांध्यावर चार्ज साचतो. एसीच्या कोनाचा आकार या हिशोबाने काढलेलाच नसतो.

पावसाचं तर उलटंच. जुलैतली धो-धो सर उघड्यावरचे इन्सुलेटर धुऊन काढते. डीसीचं एकाच दिशेचं क्षेत्र धूळ ओढून धरतं. फेब्रुवारीत त्या धुळीवर समुद्राचं मीठ बसतं आणि पहाटे दव पडतं, तेव्हा खरी धास्ती.

राहिलं ‘स्थिर म्हणजे सोपं’. पूर्वी आपण जुन्या एसी केबलवरही बिनधास्त डीसी हायपॉट (जास्त व्होल्टेजची चाचणी) मारायचो. एक्सएलपीईत चार्ज अडकून राहतो आणि चाचणीत पास झालेली केबल लाइनवर घेतल्यावर उडते, हे कळल्यावर व्हीएलएफवर, म्हणजे अगदी संथ एसीच्या चाचणीवर, आलो. अडकलेला चार्ज बघायचाय? लांब केबलची डीसी चाचणी झाल्यावर अर्थिंग रॉड (जमिनीला जोडलेली दांडी) टेकवा. चट् आवाज येतो. लगेच रॉड काढा, एक चहा मारून या आणि पुन्हा टेकवा. पुन्हा चट्.