‘विथ’ ब्लॉक वगळत नाही, पुन्हा चालवतही नाही

पायथन शिकणाऱ्यांमध्ये एक दावा हातोहात फिरतो: ‘विथ’ या स्टेटमेंटखालच्या ओळींवर, म्हणजे ब्लॉकवर, कॉन्टेक्स्ट मॅनेजरचा (ब्लॉकआधीची तयारी आणि नंतरची आवराआवर करणाऱ्या ऑब्जेक्टचा) पूर्ण ताबा असतो. तो ब्लॉक वगळू शकतो, पुन्हा चालवू शकतो, आतले एरर गिळू शकतो; म्हणून रिट्राय (फसलेलं काम पुन्हा करून पाहणं) लिहायचा तर ‘विथ’नेच लिहा. यातल्या पहिल्या दोन गोष्टी साफ चूक आहेत, तिसरी अर्धवट.

आधी वगळण्याचं. मॅनेजरच्या, ब्लॉकआधी चालणाऱ्या एंटर मेथडकडे ‘ब्लॉक नको’ असं सांगायची सोयच नाही. ती परतली की ब्लॉक सुरू होतो. तिने एक्सेप्शन (एरर) फेकलं, तर त्याच मॅनेजरची ब्लॉकनंतर चालणारी एक्झिट मेथड बोलावलीच जात नाही, मग ते गिळणार कोण? ही सोय 2009 मध्ये पायथनचे एक डेव्हलपर निक कॉघलन यांनी पेप 377 मधून (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलाचा प्रस्ताव) मागितली होती. गुंतागुंत फार आणि त्या मानाने पदरात थोडं, म्हणून पायथनचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी ती नाकारली.

पुन्हा चालवण्याचा मुद्दा जास्त घातक, कारण तसा कोड वरवर चालतो. कॉन्टेक्स्टमॅनेजर डेकोरेटर लावून मॅनेजर बनवलेला जनरेटर (यील्डपाशी थांबून नंतर पुढे चालणारं फंक्शन), आत फॉर लूप, त्यात ट्राय, ट्रायमध्ये यील्ड (इथे ब्लॉक चालतो), काम झालं की रिटर्न. पहिल्याच फटक्यात काम झालं तर सगळं सुरळीत, टेस्टही पास. पण कनेक्शन तुटलं की एक्सेप्शन जनरेटरमध्ये येतं, लूप पुढे सरकतो, दुसऱ्यांदा यील्ड होतं आणि ‘जनरेटर डिडन्ट स्टॉप आफ्टर थ्रो’ असा रनटाइम एरर अंगावर येतो. बाहेर कनेक्शन एरर पकडायची तयारी ठेवली असेल तर तीही वाया. म्हणजे रिट्राय नेमका गरजेच्या वेळी मोडतो! खास रिट्रायसाठी असलेली टेनॅसिटी लायब्ररीसुद्धा ब्लॉकसाठी बाहेर फॉर लावायला सांगते आणि आत ‘विथ अटेम्प्ट’. फेऱ्या लूपच मारतो.

हे ठरवून केलेलं आहे. 2005 मध्ये गिडोंनीच मांडलेल्या पेप 340 मधला ब्लॉक लूपसारखा फिरू शकत होता. फ्लो कंट्रोल (कोड कुठल्या क्रमाने चालतो ते) मॅक्रोत, म्हणजे कोडच्या लघुरूपात, लपवलं की कोड वाचता येत नाही, हे मायक्रोसॉफ्टचे प्रोग्रामर रेमंड चेन यांचं म्हणणं गिडोंना पायथनलाही लागू वाटलं. तो प्रस्ताव मागे गेला आणि पेप 343 मधून आजचं ‘विथ’ आलं.

गिळण्याचं मात्र खरं आहे. एक्झिटने ट्रू परत केलं की एक्सेप्शन तिथेच थांबतं. पण ब्लॉकमधल्या उरलेल्या ओळी चालत नाहीत. एकाच सप्रेसखाली (सप्रेस म्हणजे ठरावीक एरर गिळणारा पायथनचा तयार मॅनेजर) तीन फाइली उडवायच्या तीन ओळी लिहिल्या आणि पहिलीच फाइल सापडली नाही, तर बाकीच्या दोन डिस्कवर तशाच राहतात, कुठे एररही दिसत नाही. प्रत्येक रिमूव्हला स्वतंत्र सप्रेस द्या.